वखारीच्या दारात सोयाबीन: ठेवण्याआधी काय मोजायचे, काय विचारायचे

ऑक्टोबर लागला की मला येणाऱ्या दहा फोनपैकी सहा-सात फोनवर एकच प्रश्न असतो, "साहेब, सोयाबीन विकू की ठेवू?" यंदा त्याला दुसरा प्रश्न जोडून येतो आहे, "ठेवायचं तर कुठं? वखारीत आमच्यासारख्याचं घेतात का?"

प्रश्न रास्त आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभे पीक पाण्यात राहिले. जे हाती लागले त्यात ओलावा जास्त आणि डागी दाणेही जास्त. केंद्राने २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरवला आहे, पण ओल्या मालाची पट्टी त्याच्या बरीच खाली येते. इकडे रब्बीचे बियाणे, खत आणि दुकानदाराची उधारी थांबायला तयार नाही.

भाव वाढेल की नाही, हे मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत, आणि चुकले तर त्यांचे काही जात नाही. मला बोलायचे आहे ते गोदामांबद्दल. गेल्या दहा-बारा वर्षांत वखारीचा धंदा आतून बराच बदलला आहे. हा बदल व्यापाऱ्यांनी ओळखला, बँकांनी ओळखला. आपण मात्र अजून "पोती टाकून पावती घेऊन येतो" याच हिशेबाने तिथे जातो आणि दारातच अडतो.

गेल्या हंगामात गाडी कुठे अडली

२०२४-२५ ची सरकारी खरेदी आठवा. हमीभाव ४,८९२ रुपये होता. ओलाव्याची अट १२ टक्के होती. परतीच्या पावसामुळे बऱ्याच जणांचा माल त्यात बसेना, म्हणून नोव्हेंबरच्या मध्याला केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. मग केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि बारदाना संपला. बारदाना आला तेव्हा गोदामात जागा नव्हती. मुदत १२ जानेवारीवरून ३१ जानेवारी आणि शेवटी ६ फेब्रुवारीपर्यंत गेली. तोवर राज्यात ११ लाख टनांहून जास्त सोयाबीन खरेदी झाले. आकडा मोठा आहे, तरीही नोंदणी करून मेसेजची वाट पाहत राहिलेले शेतकरी तुमच्याही गावात असतील.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. अडचण काट्यावर नव्हती. पोते आणि फरशीवरची मोकळी जागा, या दोन साध्या गोष्टींपाशी सगळे थांबले. गोदाम चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याची पंचाईत आणखी वेगळी होती. १२ टक्क्यांच्या मालासाठी आखलेल्या घरात त्याला १५ टक्क्यांचा माल घ्यावा लागत होता. जे व्यवस्थापक सावध होते त्यांनी ओल्या मालाच्या थप्प्या वेगळ्या आणि ठेंगण्या लावल्या, कोरड्या दुपारी दारे उघडी ठेवली आणि तोच माल आधी बाहेर काढला. बाकीच्यांच्या गोदामात डिसेंबरअखेर कुबट वास यायला लागला.

गोदामवाले का बदलले

आधी विश्वासाची गोष्ट. जुलै २०१३ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार बंद पडले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. चौकशीत निघाले ते असे, की अनेक गोदामांच्या पावत्या होत्या पण पावतीवर लिहिलेला माल आत नव्हता. तेव्हापासून कागदी वखार पावती पाहिली की बँकेचा अधिकारी कपाळाला आठ्या घालू लागला. त्यात प्रामाणिक गोदामवालेही भरडले गेले आणि ज्याने खरोखर माल ठेवला होता तो शेतकरीही.

त्यावरचा उपाय हळूहळू आला. वखार विकास व नियामक प्राधिकरण २०१० पासूनच होते. त्याच्याकडे नोंदणी झालेल्या गोदामांसाठी सप्टेंबर २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक वखार पावती सुरू झाली. सगळे तिला ई-एनडब्ल्यूआर म्हणतात. शेअर जसे डिमॅट खात्यात असतात, तशी ही पावती रिपॉझिटरीच्या खात्यात असते. देशात अशा दोन रिपॉझिटरी आहेत, एनईआरएल आणि सीसीआरएल. एकदा ती बँकेकडे तारण गेली की खात्यातच तशी खूण होते. त्याच मालावर दुसऱ्या बँकेतून कर्ज काढता येत नाही. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने राज्य सहकारी बँकेबरोबर ब्लॉकचेनवरचे ऑनलाइन तारण कर्ज आणले, त्यामागेही हाच विचार आहे: एकदा झालेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येऊ नये. ब्लॉकचेन या शब्दाला बिचकू नका. तलाठ्याच्या दप्तरात खाडाखोड झाली की लगेच दिसते, तसाच हा प्रकार आहे, फक्त या दप्तराच्या प्रती अनेकांकडे असतात.

दुसरा धक्का बसला डिसेंबर २०२१ मध्ये. सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू यांच्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले. ही बंदी वाढत वाढत मार्च २०२६ पर्यंत गेली. वायदे असावेत की नसावेत, हा वेगळा वाद आहे. गोदामांवर त्याचा परिणाम मात्र थेट झाला. लातूर, अकोला, इंदूर भागातल्या कितीतरी खासगी गोदामांत एक्स्चेंजच्या डिलिव्हरीचा माल येत असे. त्या मालाची तपासणी कडक आणि भाडे वेळेवर. तो ओघ आटला. मग हे लोक बँकेकडे तारण असलेल्या मालाच्या देखरेखीकडे वळले, सरकारी खरेदीचा माल ठेवू लागले, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे दरवाजे ठोठावू लागले.

म्हणून सुरुवातीच्या त्या प्रश्नाचे माझे उत्तर: हो, घेतात. पाच-सात वर्षांपूर्वी वीस क्विंटल घेऊन येणाऱ्याकडे जे मान वर करून पाहत नव्हते, त्यांना आज तुम्ही हवे आहात. सरकारनेही त्याच दिशेने पावले टाकली. मार्च २०२४ मध्ये ई-किसान उपज निधी हे पोर्टल आले. नोंदणीकृत गोदामांची सुरक्षा अनामत मालाच्या किमतीच्या ३ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली, त्यामुळे लहान गोदामांना नोंदणी परवडू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने ई-पावतीवरच्या कर्जासाठी १,००० कोटींचा पतहमी निधी जाहीर केला. कर्ज बुडाले किंवा गोदामवाल्याने घोळ केला तरी बँक पूर्ण उघडी पडू नये, हा त्याचा हेतू आहे.

पण हवे आहात म्हणजे कसाही माल आणा, असे नाही. आणि खरी अडचण इथेच आहे.

दारातले मीटर

गोदामात गाडी लागली की आधी नमुना निघतो. पूर्वी हुंडेकरी किंवा व्यवस्थापक मूठभर दाणे तोंडात टाकून दाताखाली फोडून सांगायचा. आता डिजिटल ओलावा मापक असतो, चाळण्या असतात, मोठ्या ठिकाणी दाण्यांचा फोटो काढून डागी, तुटके, हिरवे दाणे मोजणारी यंत्रे आली आहेत. यंत्र आले की वाद मिटतील असे वाटले होते. वाद मिटले नाहीत, फक्त त्यांचा विषय बदलला. "गावातल्या मीटरवर ११.८ होतं, इथं १३.४ कसं?" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मी आधी तीन गोष्टी विचारतो.

पहिली, मीटर कोणत्या पिकावर लावला होता? या यंत्रात प्रत्येक पिकाची सेटिंग वेगळी असते. गव्हाच्या सेटिंगवर सोयाबीन मोजले तर आकडा भलताच येतो. दुसरी, दाणे गरम होते का? उन्हातून थेट ताडपत्रीवरचे दाणे उचलून मोजले की आकडा फसवतो. अर्धा-एक तास सावलीत ठेवून मग मोजा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, नमुना कुठल्या पोत्यातून घेतला?

या तिसऱ्या प्रश्नात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस लागला होता. एका गटाच्या साठेक पोत्यांची सरासरी मी काढून दिली. ती १२ च्या आत होती, म्हणून "ठेवा बिनधास्त" म्हणालो. त्यात चार पोती बांधाकडेच्या ओलसर पट्ट्यातली होती आणि ती थप्पीच्या मधोमध गेली. महिन्याभरात थप्पीत हात घातला तर आत गरम लागत होते. त्या चार पोत्यांनी आजूबाजूची दहा-बारा पोती खराब केली. सरासरी बरोबर होती, सल्ला चुकीचा होता.

तेव्हापासून सांगतो, सरासरीवर जाऊ नका, सर्वांत ओले पोते शोधा. ओला दाणा श्वास घेतो, त्यातून ऊब आणि वाफ निघते, ती शेजारच्या कोरड्या दाण्यात शिरते, मग बुरशी धरते. सोयाबीनमध्ये तेल भरपूर, त्यामुळे ते तापले की तेलाची आम्लता वाढते आणि दाण्याचा रंग उतरतो. असा माल पुढे मीटरवर कोरडा दाखवला तरी तेल गिरणीवाला वासावरून ओळखतो.

मीटर नसेल तर एक जुनी घरगुती खूण आहे. झाकणाच्या कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग धान्य आणि दोन-तीन चमचे पूर्ण कोरडे मीठ घाला, दोन-तीन मिनिटे हलवा, दहा-पंधरा मिनिटे ठेवा. मीठ बाटलीला चिकटले किंवा गोळा झाले तर ओलावा १५ च्या वर आहे असे समजा आणि पोती भरूच नका. मीठ सुटे राहिले म्हणून माल १२ वर आला असे मात्र होत नाही. ही चाचणी फक्त वाईट माल बाजूला काढते.

वाळवताना पातळ थर, ताडपत्री आणि दर दोन तासांनी उलथापालथ, एवढे पुरते. पहाटेचे दव पडण्याआधी ढीग करून झाका. आणि बियाण्यासाठी ठेवणार असाल तर तो माल आधीच वेगळा करा. सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ असते. मळणी यंत्राचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांच्या पुढे नेऊ नका, पोती उंचावरून आपटू नका, थप्पी चार-पाच पोत्यांच्या वर नको. वखारीतली उंच थप्पी तेल गिरणीच्या मालाला चालते, बियाण्याला नाही. दरवर्षी उगवणीच्या तक्रारी आल्या की कंपनीला शिव्या बसतात, पण घरचे बियाणे का उगवले नाही याचे उत्तर बरेचदा थप्पीत असते.

चाळणी लावायचा कंटाळा करू नका. सरकारी खरेदीत काडीकचरा, माती यांना २ टक्क्यांची मर्यादा आहे. शंभर किलोत दोन किलो म्हणजे फार नाही, हार्वेस्टरच्या मालात सहज तेवढे निघते. शिवाय कचऱ्यातच ओलावा लपून बसतो.

कागदावर मांडून बघा

आता पैशाचे. "माल ठेवला की चार पैसे जास्त मिळतात" हे वाक्य सगळे म्हणतात. किती जास्त मिळायला हवेत हे कोणी मांडत नाही.

धरून चला की तुमच्याकडे १२ टक्के ओलाव्याचे २० क्विंटल सोयाबीन आहे आणि आज भाव ४,२०० रुपये आहे. हा भाव फक्त उदाहरणासाठी, तुमच्या बाजाराचा तुम्ही घाला. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समिती मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ६ टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी कर्ज देते. ८४,००० रुपयांच्या मालावर ६३,००० रुपये हातात येतात. पाच महिन्यांचे व्याज होते १,५७५ रुपये, म्हणजे क्विंटलला ७९.

भाडे क्विंटलला महिना १५ रुपये धरा, पाच महिन्यांचे ७५. जादा वाहतूक, हमाली, तोलाई मिळून ६० धरा. राहिली ती घट, जी कोणी धरतच नाही. मार्चपर्यंत तो माल सुकून १० टक्क्यांवर येतो. १२ वरून १० म्हणजे दोन टक्के घट, असे वाटते ना? तसे नसते. कोरडा भाग तेवढाच राहतो, म्हणून हिशेब २ भागिले ९० असा, म्हणजे २.२ टक्के. ४,२०० वर ते ९३ रुपये झाले. गोदामवाल्याने चोरी केली नाही, हवेने नेले. १४ टक्क्यांवर ठेवलेला माल १० वर आला तर १०० किलोचे साडेपंचाण्णव किलो उरतात, तेव्हा गोदामाशी भांडण होतेच. गेटपाशी ओलावा किती लिहिला होता हे पावतीवर नसेल तर ते भांडण तुम्ही हरता.

बेरीज करा. ७९, ७५, ६० आणि ९३ मिळून ३०७ रुपये होतात. म्हणजे मार्चमध्ये भाव ४,५०७ च्या वर गेला तरच ठेवण्यात नफा. तीनशे रुपये भाव वाढला म्हणून पेढे वाटणारा शेतकरी प्रत्यक्षात आहे तिथेच असतो.

मग तारण योजना निरुपयोगी का? मुळीच नाही. हिशेबाची दुसरी बाजू बघा. रब्बीसाठी तेच ६३,००० रुपये तुम्ही गावात शेकडा दोनने उचलले असते, तर वर्षाला २४ टक्के पडले असते. पाच महिन्यांचे ६,३०० रुपये. तारण कर्जाचे १,५७५. वाचले ४,७२५, म्हणजे क्विंटलमागे २३६ रुपये. हा फायदा भाव वाढो न वाढो, मिळतोच. माझ्या मते वखारीचा खरा उपयोग हाच आहे: घाईची विक्री आणि महागडी उधारी, दोन्ही टळतात. भाववाढ आली तर ती वरची. ज्याच्यावर सावकारी कर्ज नाही, हातात पैसा आहे आणि फक्त भाव चढेल या आशेवर माल ठेवायचा आहे, त्याने ३०७ चा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

ज्याच्याकडे हमीभावाने विकायचा मार्ग मोकळा आहे, ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद आहे, नोंदणी झाली आहे आणि माल १२ च्या आत आहे, त्याने आधी तिकडे जावे. ५,३२८ आणि ४,२०० यांतली तफावत कोणतीही वखार भरून काढणार नाही. पण नंबर लागेपर्यंत माल नीट राहायला हवा, आणि गेल्या वर्षीचा अनुभव पाहता ती वाट महिना-दोन महिन्यांची असू शकते.

तारण योजनेत दोन गोष्टी सांभाळा. बाजार समितीच्या स्वतःच्या गोदामात माल ठेवला तर साठवणूक आणि देखरेखीचा खर्च समितीच करते, मग वरच्या हिशेबातले ७५ रुपये वाचतात. तुमच्या बाजार समितीत योजना चालू आहे का आणि गोदाम रिकामे आहे का, हे आधी फोन करून विचारा, माल भरून नेऊन विचारू नका. दुसरे, सहा महिन्यांची मुदत उलटली की व्याज चढते. एप्रिलमध्ये लग्नसराईच्या धांदलीत हे विसरलेले लोक मी पाहिले आहेत. वखार महामंडळाच्या गोदामात शेतकऱ्याला भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी सातबारा आणि आधार सोबत न्या. सवलत मागितली तरच लागते, असा माझा अनुभव आहे.

पावती हातात घेतल्यावर

नोंदणीकृत गोदामाची ई-पावती घ्यायची तर आधी रिपॉझिटरीत खाते लागते. त्याला आधार, पॅन, बँक खाते अशी केवायसी होते. एकट्याने हे करायला जड जाते हे खरे आहे. इथे शेतकरी उत्पादक कंपनीचा उपयोग होतो. कंपनीने एकत्र माल लावला, तर वाहतूकही वाटली जाते आणि नमुना काढताना समोर उभा राहणारा जाणकार माणूसही मिळतो. कृषी सहायक आणि आत्माच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, मेळाव्यात योजनांची नावे वाचून दाखवण्यापेक्षा पाच शेतकऱ्यांना घेऊन एकदा गोदामात जा. नमुना कसा निघतो, आकडा कुठे लिहितात, हे त्यांना डोळ्यांनी पाहू द्या.

पावतीवर वजन असतेच. त्याशिवाय ओलावा, काडीकचरा, दर्जा, पावतीची वैधता आणि विम्याचा तपशील पाहा. आग, चोरी, पूर यांचा विमा गोदामाचा असायला हवा. तुमचा पीक विमा गोदामातल्या मालाला लागू होत नाही. गोदामवाल्याला सरळ विचारा, घट किती टक्के धरता? धुरीकरण किती दिवसांनी करता आणि त्याची नोंद दाखवता का? माल पाहायला कधीही येऊ शकतो का? जो माणूस या प्रश्नांना चिडतो, त्याच्याकडे माल ठेवू नका. ठेवणाऱ्याला आपला माल तपासण्याचा हक्क आहे, आणि चांगला व्यवस्थापक स्वतःहून थप्पी दाखवतो.

आत गेलात की नजर खाली टाका. पोती थेट फरशीवर आहेत की लाकडी फळ्यांवर? थप्पी भिंतीपासून दोन फूट लांब आहे का? पत्र्यातून कुठे ऊन दिसते का, म्हणजे पावसाळ्यात तिथूनच पाणी येणार. कॅमेरे आणि संगणक चकचकीत असतात, पण माल वाचतो तो फळ्या, पत्रा आणि झाडू यांच्यामुळे.

सगळ्यांना तालुक्याच्या गोदामापर्यंत जाणे परवडत नाही. म्हणून गावातल्या विकास सोसायटीचे गोदाम हा पुढचा टप्पा आहे. सहकार क्षेत्रातल्या धान्य साठवणूक योजनेत फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरातल्या ११ सोसायट्यांची गोदामे सुरू झाली, त्यात अमरावती जिल्ह्यातल्या नेरपिंगळाईचे ३,००० टनांचे गोदाम आहे. गोदाम गावात आले तर वाहतुकीचा खर्च उतरेल. पण इमारत बांधणे सोपे, ती चालवणारा शिकलेला माणूस मिळणे अवघड. सोसायटीच्या सचिवाला मीटर लावता येतो का, धुरीकरण कोण करणार, हे ठरल्याशिवाय फीत कापायची घाई करू नये.

तूर येईल तेव्हा

सोयाबीनला साठवणुकीतल्या किडीचा त्रास तसा कमी. डिसेंबर-जानेवारीत तूर आणि त्यामागून हरभरा आला की चित्र बदलते. कडधान्यातला भुंगा शेतातूनच येतो, पक्व शेंगांवर अंडी घालतो. घरी आणताना काही दिसत नाही, दीड-दोन महिन्यांत दाण्याला गोल भोके पडतात. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये ठरला, म्हणजे एका क्विंटलमागे जोखीमही मोठी.

गोदामात यावर ॲल्युमिनियम फॉस्फाइडचे धुरीकरण करतात. थप्पी हवाबंद आच्छादनाखाली किमान सात दिवस राहिली तरच त्याचा उपयोग. आच्छादन फाटके असेल किंवा तीन दिवसांत उघडले तर अंडी वाचतात आणि उरलेली कीड औषधाला सरावते. तांबड्या पीठभुंगेऱ्यासारख्या किडींमध्ये हा सराव देशात ठिकठिकाणी दिसला आहे. म्हणून नोंदवहीत फक्त तारीख नाही, आच्छादन किती दिवस होते तेही पाहा.

ही गोळी घरात वापरू नका. कोणी दुकानातून मागच्या दाराने दिली तरी नको. तिच्यातून निघणारा वायू झोपेत माणसे मारतो. ते काम परवानाधारकाचेच आहे. घरी ठेवायची तूर कडक वाळवा आणि हवाबंद पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा. आतला प्राणवायू संपला की भुंगा गुदमरतो, औषध लागत नाही. पिशवीला उंदराने एक भोक पाडले की सगळे मुसळ केरात, तेव्हा ती जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर ठेवा आणि महिन्यातून एकदा चारही बाजूंनी हात फिरवून पाहा. डाळ करायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच करून घ्या. हा भुंगा अख्ख्या दाण्यावर वाढतो, डाळीवर त्याचे फारसे चालत नाही.